छिद्र बुजवायचं, पण कोणत्या वाटेनं?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असणं म्हणजे एएसडी. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं राहिलं, तर उजव्या बाजूवर वर्षानुवर्षं जादा रक्ताचा भार पडतो. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या मदतीनं, छाती उघडून शस्त्रक्रियेनं असंच छिद्र यशस्वीपणे बंद केलं.

आता दुसरी वाटही आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून सोडलेली निकेल-टायटॅनियमची मिटलेली जाळी छिद्राच्या दोन्ही बाजूंना चकतीसारखी उघडते आणि पडदा चिमटीत धरते. छाती उघडावी लागत नाही, घरीही लवकर जाता येतं. मग सगळ्यांनाच हे का नाही? कारण जाळीला धरायला छिद्राभोवती पुरेशी कड हवी. छिद्र महाशिरेच्या तोंडाशी किंवा झडपांलगत असेल, तर सहसा शस्त्रक्रियाच लागते. तिला ‘जुनी पद्धत’ म्हणून नाकारणं चूक ठरेल.

मोठं छिद्र तसंच राहून फुफ्फुसांतला रक्तदाब फार वाढला, की दोन्ही वाटा बंद होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाची टू-डी एको तपासणी सांगितली, तर ती लांबणीवर टाकू नका.