साडेबारा टक्क्यांची वसाहत

दुसऱ्याच्या घराची फाईल वाचायचा मला नाद आहे. नवं घर दाखवताना माणसं ओटा दाखवतात, गॅलरीतून दिसणारा डोंगर दाखवतात. मी कागद मागतो. मावशीने लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून दोन मुलांसह कामोठ्याला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा हा नाद लागला. कर्जासाठी बँकेत द्यायचा कागदांचा गठ्ठा ‘जरा बघ रे’ म्हणून तिने माझ्याकडे दिला होता. त्यात बिल्डरचं नाव फार उशिरा येत होतं. आधीची सगळी पानं एका शेतकरी कुटुंबाची. सर्व्हे नंबर कोणता, हिस्सा किती, क्षेत्र किती गेलं, भूसंपादनाचा निवाडा कधी झाला, मूळ खातेदार वारल्यावर वारस कोण लागले. मग सिडकोचं इरादापत्र, वाटपपत्र, भाडेपट्ट्याचा करार. त्यानंतर त्रिपक्षीय करार: एक पक्ष सिडको, दुसरा ज्याला भूखंड मिळाला तो प्रकल्पग्रस्त, तिसरा तो भूखंड घेणारा विकासक. एवढं सगळं झाल्यावर कुठे प्रारंभ प्रमाणपत्र, आणि अगदी शेवटी मावशीचा फ्लॅट.

पुढे कामोठ्यात ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलो त्यांच्या फायली चाळल्या. नावं बदलतात, क्रम तोच.

पोरांना घेऊन मुंबईबाहेर पडायचं ठरलं की घराघरांत जी चर्चा होते ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. बदलापूर की विरार, डोंबिवली की पनवेल. पाणी किती वेळ येतं, स्टेशनला रिक्षा की चालत, शाळा कुठल्या माध्यमाची, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण कामोठ्यापुरतं बोलायचं तर यातल्या बहुतेकांची उत्तरं त्या न वाचलेल्या पानांत आहेत. इमारती एकमेकींना एवढ्या खेटून का, प्रत्येकीच्या तळमजल्यावर दुकानाचे गाळे का, मैदान शोधत का फिरावं लागतं आणि घर खारघरपेक्षा स्वस्त का, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे.

नवी मुंबईची सुरुवातीची गोष्ट वाचकांना माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. जून १९६५च्या ‘मार्ग’ नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबईला उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे समोरासमोर दुसरं शहर वसवावं. (या तिघांतलं प्रवीणाबाईंचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं. का, ते सांगायची गरज नाही.) शिरीष पटेल स्थापत्य अभियंते, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्याच सुमाराचा, त्यांचाच. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली मिळून ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रकल्पात आलं. एकच अवाढव्य शहर न करता रेल्वेमार्गावर ओवलेली छोटी छोटी गावं, म्हणजे नोड, करायचे. प्रत्येकाच्या सेक्टरात शाळा, बाजार, बाग पायी अंतरावर. लहान पोर रस्ता न चुकता शाळेत जाऊन परत येईल असं शहर. कागदावरची ही कल्पना मला आजही आवडते. अशा १४ नोडांपैकी एक कामोठे.

पण कल्पनेतला सगळ्यात मोठा स्थलांतरित स्वतः शासन होता. राज्याचं मुख्य कार्यालयीन केंद्र खाडीपलीकडे गेलं की नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागून माणसं जातील, असं गणित होतं. आणि त्याच वर्षांत त्याच शासनाने नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून भूखंड विकले. पिलू मोदींसह काही नागरिक १९७४मध्ये त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. १९८१मध्ये नवीन विधानभवनाचं उद्घाटन झालं, तेही नरिमन पॉइंटलाच. बेलापूरला कोकण भवन आलं, सिडको भवन आलं. मंत्रालय जागचं हललं नाही. घाऊक बाजार मात्र हलवले. पोलाद बाजार कळंबोलीला, कांदा-बटाट्यापासून फळांपर्यंतचा सगळा व्यापार वाशीला. म्हणजे आधी हमाल, माथाडी आणि ट्रकवाले खाडी ओलांडून आले; सचिव आले नाहीत. दुसऱ्याच्या कुटुंबाला गाव बदलायला सांगायचं आणि आपण जुन्या पत्त्यावर राहायचं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं मूळ पाप वाटतं. कामोठ्याहून आजही रोज पहाटे माणसं मुंबईच्या दिशेने गाडीत चढतात ती त्यामुळेच.

आता त्या फायलीतल्या शेतकऱ्याकडे येतो.

कामोठे, जुई, कळंबोली या बाजूची जमीन खाडीकाठची. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून ओहोटीला सोडायचं, आणि मधल्या खाऱ्या जमिनीत भात काढायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आगरी शेती. फेब्रुवारी १९७०मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली. जमीन गेली ती एकरी काही हजारांवर. या दराविरुद्ध उभं राहिलेलं मुख्य नाव म्हणजे जासईचे दि. बा. पाटील. शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे आमदार, कुलाब्याचे खासदार, पेशाने वकील. नवी मुंबईच्या इतिहासात वास्तुविशारदांची नावं इंग्रजी पुस्तकांत येतात, ‘दिबां’चं नाव गावच्या कमानींवर येतं. मुंबईत बसून पहिली यादी वाचणाऱ्याला दुसरी दिसत नाही. माझं मत विचाराल तर आजचं कामोठे ज्याने घडवलं तो माणूस दुसऱ्या यादीत आहे.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. उरण तालुक्यात दास्तान फाट्याच्या आणि पागोट्याच्या परिसरात शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. जासई आणि पागोट्याला दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं. उलवे-द्रोणागिरीच्या नव्या टॉवरांतल्या बहुतेकांना ते कशासाठी, ठाऊक नसतं. या लढ्यातून पुढे एक सूत्र रुजलं: पैसे तर द्याच, पण विकसित केलेल्या जमिनीतला वाटाही द्या. मार्च १९९०मध्ये शासनाने साडेबारा टक्क्यांची योजना आणली, ऑक्टोबर १९९४मध्ये ती सुधारली.

हिशेब असा. शंभर गुंठे गेले असतील तर साडेबारा गुंठे परत. त्यातले पावणेचार सार्वजनिक सुविधांसाठी कापायचे. हातात पडायचे पावणेनऊ. त्यावर दीड चटईक्षेत्र आणि पंधरा टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर. हे आकडे घेऊन कामोठ्यात कोणत्याही सेक्टरात उभे राहा. मूळ जमिनीचे भाऊबंदकीत तुकडे झालेले, त्यामुळे वाट्याला येणारे भूखंडही छोटे. छोट्या भूखंडावर मोकळं आवार परवडत नाही, म्हणून इमारती एकमेकींच्या खिडकीत. दुकानांची परवानगी प्रत्येक भूखंडाला, म्हणून प्रत्येक इमारतीखाली गाळे. वाणी, मेडिकल, चक्की, क्लासेस. रात्री दहा वाजता पोराला ताप आला तर औषध जिना उतरून मिळतं. त्याच पोराला क्रिकेट खेळायला जागा मात्र जिना उतरून मिळत नाही. खारघरला सिडकोने स्वतः बांधलेल्या मोठ्या वसाहती, रुंद रस्ते, सेंट्रल पार्क. कामोठे जवळजवळ सगळं साडेबाराचं. सायन-पनवेल हायवेच्या अल्याड-पल्याड असलेल्या या दोन गावांच्या दरांतला फरक त्यातून आला आहे. आणि स्वस्त म्हणूनच लालबागची, कुर्ल्याची, घाटकोपरची कुटुंबं कामोठ्याला आली. नियोजनकारांनी ज्या साध्या पगारदार कुटुंबासाठी शहर कल्पिलं होतं, त्याच्या आवाक्यातलं घर नियोजनाने कमी आणि नुकसानभरपाईच्या भांडणाने जास्त तयार केलं. कोरियांना कामोठे आवडलं नसतं, याबद्दल मला शंका नाही. मावशीला आवडलं, याबद्दलही नाही.

त्या पावणेचार टक्क्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे. शेतकऱ्याच्या वाट्यातून ते कापले गेले ते शाळा, बाग, दवाखान्याच्या नावाने. म्हणजे सेक्टरातली बाग ही सिडकोची भेट नाही. कुणाच्या तरी भातशेतीचा तो हिस्सा आहे. मुलांसाठी गाव निवडणाऱ्यांनी विकास आराखड्यातली सुविधा भूखंडांची यादी मागून घ्यावी आणि प्रत्येकावर आज काय उभं आहे ते चालत जाऊन पाहावं. एक रविवार पुरतो.

कामोठ्यात कोण आलं, याची एक गंमत आहे. स्टेशन मानसरोवर, हार्बर मार्गावर खारघर आणि खांदेश्वरच्या मधलं. (इथली रेल्वे आणतानाच सिडकोने ६७ टक्के खर्च उचलला आणि प्रवाशाच्या तिकिटावर अधिभार बसला, म्हणजे इथे आलेल्यांनी स्वतःच्या गाडीचे पैसेही स्वतःच भरले.) पण निम्म्या घरांसाठी खरं स्टेशन म्हणजे सायन-पनवेल हायवे. शेजारच्या कळंबोलीपासून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. सातारा-सांगलीकडे जाणाऱ्या लक्झरी गाड्या इथून माणसं उचलतात. कोकणातला असेल तर पनवेल स्टेशन हाकेच्या अंतरावर. परळच्या खोलीतून गावी जायचं तर आधी मुंबईतूनच बाहेर पडायला दोन तास लागायचे. कामोठ्यात तो त्रास वाचला. मुंबई सोडणाऱ्या मराठी कुटुंबाने नकाशावर कंपासचं टोक ऑफिसवर ठेवलं नाही, ते गाव आणि ऑफिस यांच्या मधोमध ठेवलं. आजी-आजोबा पोरांना सांभाळायला येऊन-जाऊन राहू शकतात, पेरणीला, जत्रेला परत जाऊ शकतात. पाळणाघराच्या फीपेक्षा हा हिशेब मोठा. साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेची शाळा कामोठ्यात असणं हे मला म्हणूनच अगदी साहजिक वाटतं.

पाण्याचा प्रश्न दोन्ही अर्थांनी आहे. नळाचं पाणी हा कायमचा तक्रारीचा विषय, आणि पावसाचं पाणी हा दरवर्षीचा. भरतीपातळीच्या आसपासची जमीन असल्याने सिडकोने धारण तलाव आखले: भरतीला झडपा मिटायच्या, पाऊस तलावात साठायचा, ओहोटीला खाडीत उतरायचा. जुन्या आगऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. त्याची उघाडी हेच काम करत होती. फरक एवढाच की उघाडी कुणी साफ करायची हे गावाला माहीत होतं, आणि तलावातला गाळ कुणी काढायचा यावर आता पत्रव्यवहार चालतो. २६ जुलै २००५च्या पुरात शेजारच्या कळंबोलीत काय झालं ते आठवत असेल त्याने तळमजल्याचं घर घेताना दोनदा विचार करावा. तळोजा औद्योगिक वसाहतीतला वासही वारा फिरला की इथवर येतो. दमेकरी मूल असेल तर रात्री येऊन बघा, दुपारी नको. एजंट दुपारीच बोलावतो.

आणि कारभार. २०१६पर्यंत ही दाट शहरी वस्ती एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती, सेवा सिडकोच्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. नंतर मागील वर्षांपासूनच्या मालमत्ता कराची बिलं आली आणि सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या रहिवाशांनी दुहेरी कराची ओरड केली. प्रकरण मोर्चांवरून न्यायालयात गेलं. मला या भांडणात रहिवाशांची बाजू पटते, पण तीही पूर्ण नाही. महापालिका हवी, रस्ते हवेत, शाळा हवी, आणि कराचं वर्ष मात्र आपल्या सोयीने सुरू व्हावं, असं कसं चालेल?

गावठाणाबद्दल लिहिल्याशिवाय कामोठे पुरं होत नाही. जमीन गेली तशी गावाची वाढायची जागाही गेली. मुलगे मोठे झाले, लग्नं झाली, घरं अपुरी पडली. मग जमेल तिथे बांधली. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात, आणि ती नियमित करण्याचे शासननिर्णय वर्षानुवर्षं निघत आले आहेत. सेक्टरात फ्लॅट घेणारा गावठाणाकडे बोट दाखवून ‘अनधिकृत’ म्हणतो तेव्हा मला त्याच्या फायलीतलं पहिलं पान त्याला वाचून दाखवावंसं वाटतं.

सध्या दरांची बोली विमानतळावरून होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. नावावरून आधीच रण झालं होतं: जून २०२१मध्ये मानवी साखळी, मग २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर हजारोंचा मोर्चा, आणि जून २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांचं नाव देण्याचा ठराव केला. या विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवे, वाघिवली आणि बाकीची. त्या घरांतही शाळेत जाणारी पोरं होती, पण गाव कुठलं निवडायचं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. पुष्पक नोडमध्ये त्यांना मिळालेले भूखंड साडेबावीस टक्क्यांचे. एजंटांच्या तोंडी आता हाच आकडा आहे, आणि मुंबईतून मुलांना घेऊन निघालेली पुढची कुटुंबं ‘साडेबावीसचा प्लॉट आहे, टायटल क्लिअर’ हे शब्द ऐकत तिकडचे नमुना फ्लॅट बघून येत आहेत.