विश्लेषण : एकट्याने अ‍ॅनिमेशन लघुपट करता येतो का? वेळेचे, पैशांचे आणि हक्कांचे गणित काय?

खारघरच्या सेक्टर ३६ मध्ये, ओवे गावाच्या शेजारी, सिडकोच्या स्वप्नपूर्ती वसाहतीच्या इमारती उभ्या आहेत. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या पट्ट्यातली भातखाचरे, बांध आणि पावसात खेकडे धरायला जायच्या वाटा आता बऱ्याच ठिकाणी फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात उरल्या आहेत. तिथे आज कॅमेरा नेला, तर त्यात पार्किंग दिसते. घरातल्या आजीने सांगितलेली अशी गोष्ट पडद्यावर आणायची, तर एक तर सेट उभारायला बक्कळ पैसा हवा किंवा ती हाताने काढायला हवी. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण सोपा नाही. नोकरी सांभाळून, घरातल्या एका टेबलावर असा लघुपट पुरा होऊ शकतो का?

एका मिनिटाला किती चित्रे लागतात?

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र सहसा दोन चौकटी दाखवले जाते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. पाच मिनिटांच्या लघुपटाला त्या हिशेबाने ३,६०० चित्रे लागतात. रेषा आणि रंग मिळून एका चित्राला सरासरी १५ मिनिटे धरली, तर ९०० तास होतात. लोकलचा प्रवास करून आल्यावर रोज दोन तास बसणाऱ्याला ४५० दिवस लागतील, तेही एकही सुट्टी न घेता.

हा आकडा कमी करता येतो. चित्र चार चौकटी धरून ठेवले की संख्या निम्म्यावर येते. हालचाल थोडी अडखळते, पण आठवणीच्या गोष्टीला ती शोभूनही दिसते. चालणे, पाऊस, जात्याचे फिरणे या हालचाली एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येतात. पात्र स्थिर आणि फक्त डोळे हलताहेत, असे प्रसंगही चालतात.

मात्र सगळ्यात मोठी बचत चित्र काढायला बसण्याआधीच होते. कच्च्या रेखाटनांना आवाज जोडून संपूर्ण लघुपटाचा आराखडा आधी तयार करतात. त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. त्यात ३० सेकंदांचा एक प्रसंग कंटाळवाणा वाटला आणि कापला, तर ३६० चित्रे वाचली, म्हणजे ९० तास आणि ४५ संध्याकाळी. तोच प्रसंग रंगवून झाल्यावर कापायचे धाडस फार थोड्यांना होते. एकट्याने सुरू केलेले अनेक लघुपट अर्धवट राहतात ते चित्रकला कमी पडते म्हणून नव्हे, तर लांबी आधी न ठरवल्यामुळे.

मराठी मुलखात याची सुरुवात कधी झाली?

थेट दादासाहेब फाळक्यांपासून. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याआधी, १९१२ च्या सुमारास, फाळक्यांनी रोप उगवतानाची चित्रे थोड्या थोड्या अंतराने टिपून वाटाण्याच्या वाढीची छोटी फिल्म केली होती. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी ती त्यांनी दाखवली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडीपेटीतल्या काड्या किंचित सरकवायच्या, चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. आज मोबाइल स्टँडला लावून मुले जे स्टॉप मोशन करतात, त्याचे तत्त्व नेमके हेच आहे.

‘प्रिंटेड रेनबो’ इतकी महत्त्वाची का?

योगायोग असा, की मुंबईत घडलेल्या आणि जगभर गाजलेल्या एका स्वतंत्र अ‍ॅनिमेशन लघुपटाच्या केंद्रस्थानीही काडीपेटीच आहे. ‘ऑक्टोबर’ (२०१८) या हिंदी चित्रपटातली आई म्हणून अनेकांना ओळखीच्या असलेल्या गीतांजली राव मुळात चित्रकार. सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयातून त्या १९९४ मध्ये पदवीधर झाल्या. अ‍ॅनिमेशन मात्र स्वतःच शिकल्या. २००२ मध्ये ‘ऑरेंज’ आणि २००६ मध्ये सुमारे १५ मिनिटांचा ‘प्रिंटेड रेनबो’ त्यांनी केला.

गोष्ट एवढीशीच. शहरातल्या इमारतीत एक म्हातारी आणि तिची मांजर राहतात. बाहेरचे जग करडे, एकसुरी. म्हातारीकडे जुन्या काडीपेट्यांचा संग्रह आहे. त्यांवरच्या छापील चित्रांत ती शिरते आणि पडदा रंगांनी भरून जातो. रंगांचा हा खेळ प्रत्यक्ष चित्रीकरणात करायला मोठे युनिट लागले असते. इथे तो चित्रकाराच्या हाताने झाला. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात लघुपटाला तीन पुरस्कार मिळाले. २०११ मध्ये त्याच विभागाच्या ज्यूरीवर राव यांना बोलावण्यात आले.

तुलनेसाठी त्यांचाच ‘बॉम्बे रोझ’ पाहावा. २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा प्रारंभ या पूर्ण लांबीच्या चित्रपटाने झाला. तोही चौकटीगणिक रंगवलेला. पण त्यासाठी सुमारे ६० कलाकार दीड वर्ष राबत होते. एकट्याची झेप कुठवर जाते आणि स्टुडिओ कुठे लागतो, हे या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या की कळते.

अपवाद आहेतच. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांनी ‘अवे’ (२०१९) हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट संगीतासह एकट्याने केला. त्यांच्या पुढच्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि तो ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर बनला होता.

साधनांवर किती खर्च येतो?

पूर्वीपेक्षा खूपच कमी. ब्लेंडरमध्ये द्विमितीय चित्रे काढण्याची सोय आहे. क्रिता आणि ओपनटून्झ ही सॉफ्टवेअरही मोफत आहेत; ओपनटून्झ ज्यावरून तयार झाले ते सॉफ्टवेअर जपानच्या स्टुडिओ जिब्लीत वापरले जात असे. संकलनासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. खरा खर्च संगणक आणि चित्र काढायच्या टॅब्लेटचा. कागदावर काढून मोबाइलने टिपणाऱ्याला तोही टाळता येतो, फक्त प्रकाश बदलू नये म्हणून खिडकी झाकून एकच दिवा लावावा लागतो. आणखी एक गोष्ट : कामाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच.

पात्रांचे आवाज घरीच घेता येतात. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवून त्यासमोर बोलले, की खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

गाणे वापरताना कुठे अडते?

स्वतंत्र लघुपट सर्वाधिक फसतात ते इथे. आजीची गोष्ट म्हटली, की रेडिओवर ‘गीतरामायण’ लागले आहे, असा प्रसंग सुचतोच. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचे हक्क वेगळे असतात. ते त्या त्या रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतात. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले. चालीवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. म्हणजे रेकॉर्ड कितीही जुनी असली, तरी लेखी परवानगी घ्यावीच लागते.

अमेरिकेच्या नीना पेली यांना हे महागात पडले. स्वतःचे लग्न मोडल्याची कहाणी त्यांनी सीतेच्या कथेशी जोडून ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ (२००८) हा चित्रपट बहुतांशी एकटीने केला. त्यात १९२० च्या दशकातली गाणी होती. ध्वनिमुद्रणे जुनी असली तरी रचनांचे हक्क शिल्लक होते. सुरुवातीला सुमारे २ लाख २० हजार डॉलर मागण्यात आले आणि अखेर ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. चित्रपट तयार झाल्यावर घासाघीस करायची वेळ आली, की ताकद समोरच्याकडे असते.

जात्यावरच्या पारंपरिक ओव्यांचे तसे नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओवी आजीकडूनच गाऊन घेतली आणि स्वतः ध्वनिमुद्रित केली, तर हा प्रश्न येत नाही. दुसऱ्या कुणी केलेले ध्वनिमुद्रण मात्र उचलता येत नाही.

लघुपट झाल्यावर दाखवायचा कुठे?

बहुतेक जण पूर्ण झाल्याच्या रात्रीच यूट्यूबवर टाकतात. घाई समजण्यासारखी आहे, पण आधीच ऑनलाइन उपलब्ध असलेला लघुपट अनेक महोत्सव घेत नाहीत. त्यामुळे आधी महोत्सव आणि मग यूट्यूब, हा क्रम बरा. मुंबईत १९९० पासून होणाऱ्या ‘मिफ’मध्ये माहितीपट आणि लघुपटांबरोबर अ‍ॅनिमेशनलाही स्थान आहे. परदेशी महोत्सवांपैकी अनेकांचे प्रवेशशुल्क डॉलर किंवा युरोत असते. दहा-बारा ठिकाणी पाठवायचे म्हटले, तर ते एकूण खर्चात आधीच धरलेले बरे. इंग्रजी उपशीर्षके लागतातच. ती करताना ‘खाचर’, ‘बांध’, ‘मळणी’ या शब्दांपाशी गाडी अडते, आणि तेव्हा आजीलाच पुन्हा विचारायला जावे लागते.