कांद्याच्या शुल्काची पायरी नेमकी कुठे पडते?

0, 40, 0, बंदी, 40, 20, 0. कांद्याचं निर्यातशुल्क 19 ऑगस्ट 2023 ते 1 एप्रिल 2025 या 591 दिवसांत असं फिरलं. 40 टक्के 71 दिवस, 29 ऑक्टोबरपासून शुल्काऐवजी किमान निर्यातमूल्याची अट, म्हणजे शुल्क शून्य, 40 दिवस, 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी 148 दिवस, 4 मे 2024 पासून पुन्हा 40 टक्के 133 दिवस, 14 सप्टेंबरपासून 20 टक्के 199 दिवस आणि मग शून्य.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचा दर दहा किलोला निघतो आणि आवक पाहून रोज हलतो. शुल्क मात्र अधिसूचनेसरशी एका रात्रीत बदलतं आणि पुढची अधिसूचना येईपर्यंत जागचं हलत नाही. दोन्ही एका आलेखात मांडायचे असतील, तर शुल्काची रेष जिन्यासारखीच हवी. 1 जानेवारी 2023 चा 0 आणि 19 ऑगस्टचा 40 सरळ रेषेने जोडा; 1 मे रोजी शुल्क सुमारे 21 टक्के दिसेल. त्या दिवशी एक रुपयाही शुल्क नव्हतं.

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या साधनात यासाठी ‘स्टेप’ ही आज्ञा आहे. खरी गोम तिच्या ‘व्हेअर’ या पर्यायात आहे. तो दिला नाही, तर ‘प्री’ गृहीत धरलं जातं, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या तारखेपासून लागू झाल्याचं दिसतं. आपल्या आकड्यांवर त्याचा परिणाम पाहा: 40 टक्के शुल्क 1 जानेवारी 2023 पासूनच, म्हणजे 230 दिवस आधी सुरू होतं. 29 ऑक्टोबरपासून बंदी दिसते आणि खरी बंदी होती त्या 148 दिवसांत 40 टक्के शुल्क. असा आलेख दराशेजारी ठेवून कुणी ‘बंदी असतानाही दर चढले’ म्हणाला, तर त्याला दोष काय द्यायचा? ‘मिड’ने पहिली पायरी दोन तारखांच्या मधोमध, 26 एप्रिलला पडते, तेही निरर्थक. इथे ‘पोस्ट’च हवं, म्हणजे प्रत्येक आकडा आपल्या तारखेपासून पुढे लागू होतो.

बंदीला टक्केवारी नसते. तिथे 0 लिहिलं तर निर्यात खुली वाटते आणि ओळच गाळली तरी आधीची 0 ची रेष अखंड पुढे जाते. त्या तारखेला ‘नॅन’, म्हणजे आकडा नसल्याची खूण द्या. रेष तिथे तुटते.

शिवाय शुल्क म्हणजे सगळा अडथळा नव्हे. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्याच्या अटीवर. त्यावर 40 टक्के शुल्क 220 डॉलर. म्हणजे 770 डॉलरच्या आत माल बाहेर जाणं कठीण. ही अट 13 सप्टेंबरला गेली. तिची पायरी वेगळ्या अक्षावर काढावी लागते.

‘पोस्ट’ने शेवटची पायरी आडवी पुढे जात नाही. 1 एप्रिल 2025 चा 0 दिसायला हवा असेल, तर तोच आकडा नंतरच्या एखाद्या तारखेसह पुन्हा लिहा.