बंद न होणारा संगणक : कारणे व उपाय

शिक्षकाच्या घरी आणि शाळेत संगणक ही आता नित्याची वस्तू झाली आहे. विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पगारपत्रके, प्रश्नपत्रिका अशी नाना कामे त्यावर होतात. संगणक सुरू झाला नाही, तर त्याकडे तत्काळ लक्ष जाते. परंतु काम संपल्यावर तो बंद होईनासा झाला, तर भिंतीवरील कळ दाबून प्रश्न मिटविण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हा उपाय सोपा असला तरी निर्धोक नव्हे. त्यापायी कित्येक दिवसांचे टिपण नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून हा दोष का उद्भवतो व तो कसा शोधावा, हे शिक्षकाने समजून घेणे इष्ट होय.

बंद होणे म्हणजे काय ?

दिव्याची कळ दाबताच विजेचा प्रवाह तुटतो. जुन्या संगणकांची कळही अशीच होती. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ या कार्यप्रणालीत, सर्व आवराआवर झाल्यावर 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाची सूचना पडद्यावर येई आणि मग माणसाने हाताने कळ दाबावी लागे. त्याच वर्षी इंटेल कंपनीने एटीएक्स ही रचना प्रसिद्ध केली. पुढे १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी वीजव्यवस्थापनाचे सामाईक नियम घालून दिले. तेव्हापासून पुढील बाजूची कळ प्रवाह तोडीत नाही. ती केवळ विनंती करते. प्रवाह थांबविण्याचा हुकूम शेवटी संगणक स्वतःच देतो.

शाळा सुटण्याच्या वेळी जे घडते तेच येथे घडते. घंटा होताच प्रत्येक वर्गाने दप्तर आवरावयाचे, सर्व वर्ग रिकामे झाले की शिपायाने कुलूप लावावयाचे. संगणकात प्रथम उघड्या आज्ञावलींना काम आटोपण्यास सांगितले जाते. नंतर पडद्याआड चालणाऱ्या सेवा थांबतात. स्मृतीत असलेला व अद्याप डिस्कवर न लिहिलेला मजकूर लिहिला जातो. जोडलेली उपकरणे विसावतात. आणि अखेर प्रवाह तुटतो. यांपैकी एकही वर्ग बाहेर पडला नाही, तर कुलूप लागत नाही. शोधावयाचे ते एवढेच, की कोणता वर्ग आत राहिला आहे.

प्रथम निरीक्षण

कोणतीही कळ दाबण्यापूर्वी पडदा नीट पाहावा. संगणक कोणत्या टप्प्यावर अडला, हे बहुधा तेथेच कळते.

(१) पडद्यावर एखाद्या आज्ञावलीचे नाव येऊन ती बंद होण्यास अडथळा करीत आहे असे दिसल्यास, त्या आज्ञावलीत न साठविलेला मजकूर असण्याचा संभव असतो. अशा वेळी 'शट डाउन एनीवे' न दाबता 'कॅन्सल' दाबावे, परत जाऊन मजकूर साठवावा व आज्ञावली हाताने बंद करावी. ती प्रतिसादच देत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिचे काम संपवावे. मात्र तिच्यातील न साठविलेला मजकूर त्याबरोबर जातो, हे ध्यानी ठेवावे.

(२) अद्ययावतीकरण चालू असल्याची सूचना असल्यास दोष मुळीच नाही. जुन्या व मंद डिस्कवर हे काम तासाहूनही अधिक चालू शकते. डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल तोवर धीर धरावा. याच वेळी वीज तोडल्यास कार्यप्रणाली अर्धवट राहून पुढे संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. ज्या गावी वीज अनियमित आहे, तेथे अद्ययावतीकरण विजेची खात्री असेल अशा वेळी करून घ्यावे.

(३) पडदा काळा झाला, पण पंखा व दिवा चालूच राहिले, तर दोष बहुधा एखाद्या उपकरणात किंवा ते चालविणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये असतो. मुद्रकयंत्र, पेन ड्राइव्ह, इंटरनेटचे साधन ही एकेक करून काढावीत व प्रत्येक वेळी संगणक बंद करून पाहावा.

(४) संगणक बंद होऊन लगेच आपोआप सुरू झाल्यास दोन शक्यता असतात. आवरताना एखादा ड्रायव्हर कोसळला, तर मूळच्या मांडणीनुसार संगणक स्वतःच पुन्हा सुरू होतो. ही मांडणी काढून ठेवल्यास दोषाचा संकेत पडद्यावर स्थिर राहतो व तो उतरवून घेता येतो. दुसरी शक्यता अशी, की माऊस किंवा जाळ्याचे उपकरण त्यास जागे करीत असते. त्या उपकरणास दिलेली जागे करण्याची परवानगी काढून टाकावी.

फास्ट स्टार्टअपचा घोटाळा

विंडोज ८ या कार्यप्रणालीबरोबर २०१२ साली फास्ट स्टार्टअप ही सोय आली. ती विंडोज १० व ११ मध्येही आहे. तीत वापरकर्त्याच्या आज्ञावली बंद होतात, परंतु कार्यप्रणालीचा गाभा व ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, जेणेकरून दुसऱ्या दिवशी संगणक लवकर सुरू व्हावा. परिणामी बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेल्या स्थितीतच पुन्हा जागा होतो. रोज बंद केलेला संगणक 'गेले कित्येक दिवस चालू' असल्याचे टास्क मॅनेजर दाखवितो, त्याचे कारण हेच. परीक्षेसाठी शिफ्ट कळ दाबून धरून 'शट डाउन' निवडावे, म्हणजे संगणक पूर्णतः बंद होतो. 'रीस्टार्ट'मध्येही गाभा नव्याने सुरू होतो. एवढ्याने दोष नाहीसा झाला, तर कंट्रोल पॅनेलमधील वीजविषयक भागात जाऊन ही सोय बंद करावी.

इतके करूनही कारण सापडले नाही, तर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात केवळ अत्यावश्यक तेवढेच चालते. तेथे तो नीट बंद झाला, तर दोष मूळ कार्यप्रणालीत नसून नंतर जोडलेल्या एखाद्या आज्ञावलीत वा ड्रायव्हरमध्ये आहे, असे अनुमान करण्यास जागा आहे. अलीकडे जे बसविले असेल, ते प्रथम तपासावे.

अखेरचा उपाय

अद्ययावतीकरणाची सूचना नाही, डिस्कचा दिवा शांत आहे व पुरेशी वाट पाहिली आहे, अशी खात्री झाल्यावरच पुढील कळ सुमारे १० सेकंद दाबून धरावी. त्यायोगे यंत्र आवराआवर न करता थांबते. पुढील वेळी सुरू झाल्यावर डिस्कची तपासणी होऊ लागल्यास ती मध्येच मोडू नये. नंतर शेवटी हाताळलेले कागद उघडून ते शाबूत आहेत का, हे पाहावे. इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ६००८ किंवा ४१ या क्रमांकाची नोंद आढळल्यास मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, असे समजावे. अशा नोंदी वारंवार दिसू लागल्या, तर महत्त्वाच्या कागदांच्या प्रती विनाविलंब दुसरीकडे काढून ठेवाव्यात.

एका वेळी एकच बदल करावा व तो तारखेसह वहीत टिपावा. दोन बदल एकदम केल्यास दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे उमगत नाही, आणि पुन्हा उद्भवल्यास सारा शोध पहिल्यापासून करावा लागतो. वरच्या वर्गातील मुलांना या कामी सोबत घ्यावे. पाहणे, तर्क करणे, एकेक शक्यता तपासून बाजूस सारणे ही शास्त्राची रीत त्यांना येथे प्रत्यक्ष दिसते; आणि अडलेल्या यंत्रावर चिडून कळ दाबणारा शिक्षक त्यांना नकळत त्याच्या उलट धडा देत असतो.