इटालियनमधील आज्ञार्थ आणि निश्चित उपपदे

‘दार लाव’, ‘पुस्तक घ्या’ यांसारखी छोटी वाक्ये या घटकात आपण इटालियनमध्ये रचणार आहोत. वाक्य दोन शब्दांचे असले, तरी ते रचताना दोन निर्णय घ्यावे लागतात : आपण कोणाशी बोलत आहोत आणि नाम कोणत्या लिंगाचे आहे. दुसरा चुकला तर ऐकणारा फार तर हसेल. पहिला चुकला तर तो दुखावेल. म्हणून पहिल्याचा विचार आधी करू.

मराठीत आदरासाठी आपण अनेकवचन वापरतो; ‘थांब’चे ‘थांबा’ होते. इटालियनमध्ये ‘थांब’ म्हणजे ‘आस्पेत्ता’ आणि अनेकांना उद्देशून ‘आस्पेत्ताते’. अपरिचित वृद्धालाही ‘आस्पेत्ताते’ म्हणावे, असे मराठी विद्यार्थ्याला साहजिकच वाटते. प्रमाण भाषेत मात्र तेथे तृतीयपुरुषी एकवचनाचे रूप येते : ‘आस्पेत्ती’. (१९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने हे आदरार्थी ‘लेई’ काढून ‘वोई’ हे अनेकवचन लादू पाहिले, राजवटीबरोबर तो हुकूमही गेला. दक्षिणेत मात्र वृद्धांच्या तोंडी आदरार्थी ‘वोई’ आजही ऐकू येते.)

येथे सारा भार अंत्य स्वरावर आहे. मूळ रूप ‘-आरे’ने संपत असेल, तर जवळिकीत ‘आ’ आणि आदरात ‘ई’ येतो : ‘स्कूझा’ (माफ कर), ‘स्कूझी’ (माफ करा). ‘-एरे’ व ‘-ईरे’ने संपणाऱ्या क्रियापदांत नेमके उलट घडते : ‘प्रेन्दी’ (घे), ‘प्रेन्दा’ (घ्या). ही अदलाबदल मोठ्याने म्हणून पाठ करा. केवळ वाचून ती जिभेवर बसत नाही.

नकारात मराठी आपल्या मदतीस येते. आपण ‘न थांब’ म्हणत नाही; ‘थांबू नकोस’ म्हणतो, म्हणजे मुख्य क्रियापदाचे आज्ञार्थी रूप सोडून देतो. इटालियनही ‘तू’साठी तेच करते : ‘नोन’ आणि त्यापुढे मूळ रूप, ‘नोन आस्पेत्तारे’. आदरार्थी रूप मात्र बदलत नाही : ‘नोन आस्पेत्ती’.

आता उपपदे. मराठीत ती नाहीत, त्यामुळे ती गाळण्याची सवय आपल्याला लागते. इटालियनमध्ये निश्चित उपपदाची रूपे सात आहेत. स्त्रीलिंगी ‘ला पोर्ता’ (दार), अनेकवचनी ‘ले पोर्ते’. पुल्लिंगी ‘इल लीब्रो’ (पुस्तक), अनेकवचनी ‘ई लीब्री’. मराठीत नपुंसकलिंगी असलेले हे दोन शब्द तेथे दोन वेगळ्या लिंगांत गेले, हे आपल्या लक्षात आले असेल. पुल्लिंगी नाम ‘स’ व लगेच दुसरे व्यंजन यांनी सुरू झाले, तर ‘लो’ येते : ‘लो स्तुदेन्ते’ (विद्यार्थी), अनेकवचनी ‘ल्यी स्तुदेन्ती’. ‘इल स्तुदेन्ते’ म्हणून पाहा. तीन व्यंजने एकापुढे एक येऊन जीभ अडखळते. स्वरापूर्वी एकवचनी उपपदाचा स्वर गळतो, जसे ‘ल’आमीको’ (मित्र), ‘ल’आक्वा’ (पाणी). येथे लिंग उपपदावरून कळत नाही, ते लक्षातच ठेवावे लागते. ‘हात’ या अर्थाचा ‘मानो’ ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे : ‘ला मानो’.

स्वाध्याय : ‘क्यूदेरे’ म्हणजे बंद करणे. (१) मित्राला दार लावण्यास सांगा. (२) अपरिचित बाईंना तीच विनंती करा. (३) मित्राला दार लावू नकोस असे सांगा.

उत्तरे : (१) क्यूदी ला पोर्ता. (२) क्यूदा ला पोर्ता. (३) नोन क्यूदेरे ला पोर्ता.