जोडवी पुन्हा बसतील

आठव्या महिन्यात काढून ठेवलेली जोडवी बाळंतपण झालं की लगेच घालता येतील, असं वाटतं. पण घाटकोपरच्या घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पाय उलट जास्तच टरटरलेले दिसतात. नडगीवर अंगठा दाबून उचलला की खळगा तसाच राहतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘पाणी कमी पी गं.’

हा सल्ला मुळीच ऐकू नका. गरोदरपणात शरीरातलं पाणी ६ ते ८ लिटरने वाढतं, रक्त जवळजवळ दीडपट होतं. ही बाळाला पोसण्याची आणि प्रसूतीतला रक्तस्राव सोसण्याची बेगमी असते. बाळ जन्मलं की गर्भाशय आकसतं आणि तिथलं रक्त आईच्या अंगात परत फिरतं. त्यात सलाईनची भर पडते. रक्तातल्या प्रथिनांचं प्रमाण या दिवसांत कमी असल्याने पाणी झिरपून पायांत उतरतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात मूत्रपिंडं ते बाहेर काढू लागतात. लघवी दिवसाला ३ लिटरपर्यंत जाऊ शकते, रात्री घामाने गाऊन भिजतो. तहानेप्रमाणे पाणी, घरातल्या घरात चालणं, घोटे वरखाली हलवणं आणि निजताना पायांखाली उशी, एवढ्याने बहुतेकींची सूज आठवडा-दहा दिवसांत ओसरते.

पोटाला जास्त वेळ लागतो. प्रसूतीनंतर सुमारे १ किलोचं असलेलं गर्भाशय ६ आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येतं. पोट करकचून बांधल्याने ते लवकर आकसत नाही. बाळ दूध ओढतं तेव्हा ओटीपोटात कळ येते, तेच त्याचं आकसणं. आजीचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे इथे जवळपास जुळतात.

मात्र दोन गोष्टी अंगावर काढू नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखरी आणि गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मालिशवाल्या बाईंना त्या पायाला हात लावू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. गरोदरपणात तो नॉर्मल असला तरी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत चढू शकतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे बाळंतीण घरी आलेली असते तेव्हा, तो सर्वाधिक असतो. १४०/९० किंवा जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० झाला, किंवा डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, धाप लागली, चेहरा एकाएकी सुजला, तर लगेच रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

बोरिवलीच्या सासरहून मुलुंडच्या माहेरी आलेल्या बाळंतिणीची तपासणी या धावपळीत सहज राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ मध्येच घरी गेल्यावर सहा आठवड्यांत निदान तीन तपासण्या सांगितल्या आहेत. त्या कराच. शिवाय कितीतरी घरांत आजोबांसाठी घेतलेलं बीपीचं मशीन असतं. पहिले दहा दिवस त्याचा पट्टा रोज सकाळी बाळंतिणीच्याही दंडाला बांधा आणि आलेला आकडा बाळाच्या फाइलीत, लसींच्या तारखांशेजारी लिहून ठेवा.