घरात बंदूक: कायदा काय म्हणतो?

रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत परवान्याची बंदूक दिसली, तर ती बहुधा ‘शेतीसंरक्षणा’ची असते. चोरांसाठी नव्हे, रानडुकरं-वानरांसाठी घेतलेली. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूदच आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पोलिसांचा अहवाल लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असं मात्र नाही; तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

रात्री घर फोडलं तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळातल्या घरफोडीविरुद्ध बचावाचा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. पळत्या चोरावर झाडलेली गोळी ‘बचाव’ ठरवणं कठीणच.

आणि ठासणीची बंदूक अशा वेळी कितपत कामाची? दारू भरा, छर्रे ठासा, टोपी बसवा. तोवर चोर मागच्या पडवीतून पसार! घराच्या राखणीला पक्की कडी, अंगणातला दिवा आणि भुंकणारा कुत्रा जास्त भरवशाचे. पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवा.